काडेपेटीतला चुरा

आजही कुणाची सायकल भिंतीला टेकवलेली दिसली की माझं बोट आपोआप तिच्या रिमवर जातं. ब्रेकचं रबर रिमला जिथं धरतं, ती करंगळीएवढी रुंद पट्टी असते ना, तिच्यावर. बोट आडवं फिरवलं की लगेच कळतं, पट्टी सपाट आहे की बशीसारखी खोलगट झालीय. खोलगट असली तर मी मालक येईपर्यंत तिथंच थांबते आणि त्याला सांगते. सून म्हणते, "आई, एक दिवस लोक तुम्हाला सायकलचोर म्हणून धरतील." धरू देत. संशय काय चीज असते ते मला कुणी शिकवायला नको. मी तो केलेला आहे, आणि तोही घरच्या माणसावर.

त्या वेळी मी सव्वीस वर्षांची होते आणि एका आरोग्य केंद्रात नर्स होते. आमचं काम घरोघर जायचं. बाळंतिणींना बघायचं, तान्ह्या मुलांची वजनं घ्यायची, म्हाताऱ्यांच्या जखमा धुऊन पट्ट्या बदलायच्या. आम्ही सहा जणी, सहा सायकली, आणि आमच्यावर मोठ्या बाई. त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणायचे, अगदी पाठीमागेसुद्धा. दुसरं काही नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. केंद्राच्या मागं पत्र्याची शेड होती. आतल्या भिंतीवर एक ते सहा आकडे रंगवलेले आणि ज्या आकड्याची सायकल तिनं त्याच आकड्याखाली उभं राहायचं. माझी तीन नंबरची.

मला आईबाप आठवतात ते थोडेच. मला वाढवलं ते ताईनं. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. माझ्या वेण्या घातल्या तिनं, नर्सिंगला घातलं तिनं, आणि नोकरी लागल्यावर मी वेगळी खोली घेतली तर दोन दिवस न बोलता बसलीही तीच. तिचं घर म्हणजे एका छापखान्यावरच्या दोन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की वर कपबशा थरथरायच्या, आणि पाहुणे दचकले की ताईला कोण आनंद व्हायचा. दाराशी एक कुंडी होती, तिच्या बुडाखाली घराची किल्ली. ती तिथं असते हे तीन माणसांना माहीत होतं. ताईला, भावोजींना आणि मला. मी केव्हाही जायची, किल्ली काढायची, आत जाऊन चहा टाकायची.

भावोजी उंच, किडकिडीत, बोलायला अगदी कंजूष. लग्नाच्या वेळी ताईच्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, मुलगा चांगला आहे, पण आवाज बंद पडलाय. पूर्वी ते एका यंत्रांच्या कारखान्यात हत्यारांच्या कोठीवर होते. एकदा कोठीतली ड्रिलची पाती नाहीशी झाली. कोठीच्या किल्ल्या दोन, एक ह्यांच्याकडे आणि दुसरी व्यवस्थापकाच्या भाच्याकडे. शाबीत काहीच झालं नाही. पण भावोजींना एकामागून एक पाच साहेबांपुढं उभं केलं आणि प्रत्येकापुढं त्यांनी सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. पाचव्या साहेबानं ऐकून घेतलं आणि विचारलं, बरं, मग पाती कुठं आहेत? त्या दिवशी ते घरी आले ते नोकरी सोडूनच. छापखान्याच्या जिन्याखाली सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्या गोष्टीबद्दल आमच्या घरात परत कुणी अक्षर काढलं नाही.

केंद्राच्या जुन्या सायकली म्हणजे धूड होत्या. काळ्या, जड, लोखंडी रिमांच्या. त्या जाऊन नव्या हलक्या सायकली आल्या, ॲल्युमिनियमच्या रिमांच्या. मोठ्या बाईंना त्यांची देखभाल करायला भरवशाचा माणूस हवा होता. मी म्हटलं, माझे भावोजी आहेत. कारखान्याची गोष्ट त्यांच्या कानावर आलेली होती. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मला एवढंच विचारलं, "शब्द देतेस?" मी दिला. तेव्हापासून भावोजी आठवड्यातून तीनदा दुपारी एक ते दोन येऊ लागले. त्या वेळी आम्ही जेवायला आणि नोंदी लिहायला परतलेल्या असायचो आणि सायकली शेडमध्ये असायच्या.

आता माझ्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. मला स्वच्छतेचं वेड होतं. अजून आहे. नर्सिंगच्या शाळेत आम्हाला इनॅमलचे ट्रे राखाडी पुडीनं घासायला लावायचे, आपलं तोंड त्यात दिसेपर्यंत. माझ्या ट्रेमध्ये नाकावरचा तीळसुद्धा दिसायचा. केंद्रात आल्यावर मी ती पूड स्वतः तयार करायची. टाचा घासतात त्या झाव्याच्या दगडाची बारीक पूड, त्यात थोडा धुण्याचा सोडा आणि वास बरा यावा म्हणून निलगिरीच्या तेलाचे चार थेंब. रोज संध्याकाळी मी त्याच पुडीनं माझ्या सायकलच्या रिमा घासायची आणि मग मगभर पाणी ओतायची. जुन्या लोखंडी रिमा तर मी आरशासारख्या ठेवल्या होत्या. नव्या रिमा पहिल्याच महिन्यात चांदीसारख्या झाल्या. एकदा तपासणीच्या वेळी मोठ्या बाईंनी सगळ्यांना शेडमध्ये रांगेत उभं केलं, तीन नंबरवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हिला म्हणतात सायकल." पुडीचा डबा शेडमध्येच ठेवायचा हुकूम झाला. एक नंबरवाली आणि पाच नंबरवाली दोघी ईर्षेनं माझ्याबरोबर घासू लागल्या. बाकीच्या तिघी कधी हो म्हणायच्या, कधी विसरायच्या. चार नंबरवालीला तर आम्ही गोगलगायच म्हणायचो. तिची सायकल पाऊसच धुवायचा.

वर्ष व्हायच्या आत माझ्या पुढच्या रिमची पट्टी खोल गेली. भावोजींनी तिच्यावर पोलादी पट्टी आडवी धरून दाखवली. पट्टीखालून उजेड दिसत होता. त्यांनी नवी रिम घालून चाक बांधलं. पाठोपाठ एक नंबर. मग पाच नंबरचं मागचं. मग पुन्हा माझं. चाक नव्यानं बांधलं की भावोजींना त्याची वेगळी मजुरी मिळायची, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोललं नाही. पण गोगलगायीनं एकदा जेवताना सहज म्हटलं, तुझ्या भावोजींना तुझी सायकल फार आवडते बाई. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घास जरा वेळ तोंडातच राहिला.

आणि मग पाच नंबरवाली पडली. ती आमच्यात सगळ्यात लहान, आम्ही तिला धाकटीच म्हणायचो. नदीकाठच्या सपाट रस्त्यानं चालली होती. बंदुकीसारखा आवाज झाला, पुढचं चाक जागच्या जागी अडकलं आणि ती हँडलवरून पुढं फेकली गेली. मनगट मोडलं. हवेच्या दाबानं रिमची बाजू फाटून बाहेर आली होती, डबा कापून झाकण वाकवावं तशी. मोठ्या बाईंनी ते चाक आपल्या टेबलावर आणून ठेवलं, मला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

त्या माझ्याशी चढ्या आवाजात बोलल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. त्या हळू बोलल्या. म्हणाल्या, चार नंबरची टेकडीवर जाते, रोज अर्ध्या कोसाचा उतार. तिची रिम धडधाकट. पाच नंबरची सपाट रस्त्यावर, तिला ब्रेक लागतोच किती? तिची रिम कागदासारखी. "जी झिजायला हवी ती झिजत नाही, जी झिजू नये ती झिजते. म्हणजे कुणीतरी झिजवतंय. कोण, ते तू मला सांगायचं." शनिवारी दहा वाजता भावोजींना बोलावणं धाडलंय, तोपर्यंत डोळे उघडे ठेव, असं त्या म्हणाल्या. शब्द मी दिलेला होता, तेव्हा पहारा मीच करायचा. ते मला न्याय्यच वाटलं.

त्या दिवशी सोमवार होता. मंगळवारी दुपारी मी जेवणाचा डबा न उघडता जखमांच्या पट्ट्या ठेवायच्या खोलीत जाऊन उभी राहिले. तिथल्या खिडकीच्या अर्ध्या काचा दुधी होत्या, वरच्या साध्या. स्टुलावर चढलं की शेड दिसायची. भावोजी आले. त्यांनी आधी मागं वळून केंद्राच्या दाराकडे पाहिलं. मग उकिडवे बसले, ते थेट माझ्या सायकलशी. ब्रेकची रबरं सोडवली. पिशवीतून काहीतरी अणकुचीदार काढलं आणि दाराकडे पाठ करून खूप वेळ काहीतरी करत राहिले. मग खिशातून काडेपेटी काढली, तिच्यात काहीतरी टाकलं, पेटी बोटानं टिचकी मारून बंद केली आणि परत खिशात. भावोजी विडी ओढत नव्हते, सिगारेट ओढत नव्हते. त्यांना काडेपेटी कशाला?

नंतर ते एक नंबरकडे गेले. तेच सगळं. मग पाच नंबरच्या मोडक्या सायकलीच्या मागच्या चाकाकडे. दोन, चार आणि सहा नंबरला त्यांनी हवा भरली आणि एकदा घंटी वाजवून पाहिली, बस.

नेमक्या ज्या तीन झिजत होत्या त्याच तीन.

संध्याकाळी मी ताईकडे गेले. भावोजी हात धूत होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, दुपारी शेडमध्ये बराच वेळ होतात?

"ब्रेक बघत होतो."

"सगळ्यांचे?"

"ज्यांना गरज त्यांचे." त्यांनी टॉवेलला एकेक बोट पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेव्हणीबाई, उतारावर ब्रेक धरून बसू नका. धरा, सोडा, धरा, सोडा. रिमला दम घेऊ द्यावा."

एरवी मी म्हटलं असतं, बघ ताई, आज हे किती वाक्यं बोलले. त्या दिवशी मला वाटलं, विषय बदलतायत. ताईनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि चहात साखर घालायला विसरली.

रात्री झोप लागेना. माझ्या खोलीतली फळी भावोजींनी ठोकून दिली होती, तिच्यासाठी भिंतीला भोकं पाडली होती. कशानं पाडली होती? त्यांच्याकडे ड्रिल कुठून आलं? पाती कुठून आली? तीन वर्षं ती फळी माझ्या उशाशी होती आणि मला कधी हा प्रश्न पडला नव्हता. लग्नात त्यांनी ताईला दिलेलं घड्याळ आठवलं. एकदा त्यांनी घाईघाईनं ओढून बंद केलेला खण आठवला. सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं, आमच्या शेडमधल्या सायकलींसारखं, आपापल्या आकड्याखाली.

गुरुवारी मी मोठ्या बाईंना जे पाहिलं ते सांगितलं. जे पाहिलं तेवढंच, पदरचं काही नाही, असं मी स्वतःला बजावत होते. अणकुचीदार हत्यार, तीनच सायकली, काडेपेटी. मोठ्या बाई म्हणाल्या, रिम कानशीनं घासली की चुरा पडतो. अंगणात पडला तर दिसेल, म्हणून तो काडेपेटीत जातो. त्या असं म्हणाल्यावर मला ते इतकं उघड वाटलं, की आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचीच लाज वाटली. धाकटीचं मनगट अजून प्लास्टरमध्ये होतं. ती उद्या मानेवर पडली असती तर? आणि कुणाच्या शब्दावर?

शुक्रवारी मला अर्ध्या दिवसाची सुटी होती. ताई दुपारी शिवणाच्या वर्गावर शिकवायला जायची आणि भावोजी शुक्रवारी सामान आणायला बाजारात. मी कुंडी तिरपी केली, किल्ली काढली आणि आत गेले. खाली यंत्र चालू होतं, कपबशा थरथरत होत्या. त्या घरात मी हजारदा एकटी असेन. त्या दिवशी मात्र चपला हातात घेऊन आत शिरले.

पिशवी दारामागच्या खुंटीला होती. काडेपेटी तिच्या बाहेरच्या कप्प्यात, लपवलेलीसुद्धा नाही. मी ती टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याच्यावर उघडली. चांदीसारखे बारीक बारीक कण चमकले. सुईच्या टोकाएवढे, काही तांदळाच्या कणीएवढे. ॲल्युमिनियमच. पुरावा माझ्या हातात होता. ताईचा चेहरा डोळ्यांपुढं आला. एकदा त्या माणसाबरोबर ती बदनामीतून गेली होती. ह्या वेळी तिला पुन्हा त्यातून चालवणारी मी असणार होते.

मग माझं लक्ष गेलं की चमकणाऱ्या कणांबरोबर दुसरंही काही आहे. रबराचे काळे तुकडे आणि राखाडी दाणे. दाणे मी बोटांत धरले आणि चोळले.

माझी बोटं माझ्याआधी थांबली. तो खरखरीतपणा त्यांनी वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी चोळला होता. मी पेटी नाकाशी नेली. रबराचा वास, धातूचा वास, आणि त्याच्याही खाली अगदी पुसटसा निलगिरीचा.

मी खुर्चीवर बसले. आणि बसल्या बसल्या मला एक गोष्ट आठवली, जी मी साफ विसरले होते. नव्या सायकली आल्या त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यातली. आम्ही सगळ्या शेडमध्ये होतो. भावोजी मोठ्या बाईंना म्हणाले होते, या रिमांना पूड लावू नये. लोखंडाला चालायची, ही मऊ आहे. पुडीचे दाणे रबरात रुतून बसतात आणि मग प्रत्येक ब्रेकला रबर म्हणजे कानसच होतं. धातूचे कण निघतात, ते पण रबरातच रुततात आणि आणखी घासतात. नुसत्या पाण्यानं ओला फडका फिरवावा. मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "स्वच्छतेनं वस्तू खराब होते, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकतेय." तेव्हा सगळ्यात आधी हसले ती मी. चांगली खळखळून. भावोजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं होतं आणि पान्हा उचलून कामाला लागले होते.

माझी स्मरणशक्ती चांगली आहे असं सगळे म्हणतात. सहाही सायकलींचे आकडे, कुठल्या घरात कोणतं मूल किती वजनाचं जन्मलं, सगळं मला अजून सांगता येतं. हे एवढंच मी विसरले होते.

दारात ताई उभी होती. ती कधी आली ते मला यंत्राच्या आवाजात कळलं नव्हतं. टेबलावर तिच्या नवऱ्याची पिशवी, वर्तमानपत्र, उघडी काडेपेटी. माझ्या चपला खुर्चीपाशी जोडून ठेवलेल्या.

ती ओरडेल असं वाटलं. तिनं शिवणाची पिशवी खाली ठेवली.

"काय शोधत होतीस?"

मी सांगितलं.

"मिळालं?"

"मिळालं."

"कुणाचं निघालं?"

"माझं," मी म्हटलं.

मग मी तिला सगळं सांगितलं, हसण्यापासून काडेपेटीपर्यंत. शेवटी तिनं विचारलं, बाईंना काय सांगून बसलीयस? मी तेही सांगितलं. खाली छापखान्यात यंत्र थांबलं आणि कपबशा गप्प झाल्या.

"तेव्हा त्यांनी पाच जणांना समजावून सांगितलं होतं," ताई म्हणाली. "सहाव्याला सांगणार नाहीत. उद्या ते तिथं नुसते उभे राहतील. तू काय करायचं ते तुझं तू बघ."

मी काय करायचं हे सोपं नव्हतं. माझी नेमणूक अजून कच्ची होती, ती दोन महिन्यांत पक्की व्हायची होती, आणि ती पक्की करणार होत्या मोठ्या बाईच. एका मुलीचं मनगट मोडलं होतं. माझ्या पुडीनं मोडलं, असं आपल्याच तोंडानं जाऊन सांगायचं. नुसती गप्प बसले असते तर मला कुणीच काही विचारलं नसतं. एवढंच झालं असतं की भावोजी दुसऱ्यांदा मान खाली घालून जिना चढले असते.

शनिवारी दहा वाजता मोठ्या बाईंच्या खोलीत आम्ही तिघं. टेबलावर ते फाटलेलं चाक. भावोजी खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मोठ्या बाई म्हणाल्या, तुमच्या खिशात काडेपेटी असते, ती जरा दाखवा. भावोजींनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. मोठ्या बाईंनी ती उघडली आणि त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, हे तुमच्या घरच्याच माणसानं पाहिलंय. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते चाकाकडे बघत होते, कुठं जास्त झिजलंय ते बघावं तसं.

मी म्हटलं, "बाई, एक ट्रे घेऊ?"

त्यांच्या उत्तराची वाट न बघता मी भिंतीवरचा इनॅमलचा ट्रे काढला, माझ्याच हातानं घासलेला. त्यात पेटी रिकामी केली, वरून थोडं पाणी ओतलं आणि ट्रे हलवला. रबर वर तरंगलं, धातू आणि पूड तळाशी बसली, पूड पसरली तिथं राखाडी डाग पडला. मी म्हटलं, ही रिम कानशीनं घासलेली नाही. हे सगळं ब्रेकच्या रबरातून निघालंय. ही पूड माझी आहे. ज्या तिघी रोज घासतात त्यांच्याच रिमा गेल्या. भावोजींनी आपल्याला गेल्या वर्षीच सांगितलं होतं आणि मी हसले होते.

आम्ही हसलो होतो, असं म्हणायचं मी रात्रभर ठरवलं होतं. तोंडातून मात्र 'मी'च बाहेर पडलं.

मोठ्या बाईंनी ट्रे जवळ ओढून पाहिला. मग भावोजींना विचारलं, "हे तुम्हाला माहीत होतं, तर चोरून कशाला करत होता?"

"सांगून झालं होतं, बाई," भावोजी म्हणाले. "मग करत राहिलो. रबरातले दाणे टोच्यानं काढले की रिम थोडी जास्त टिकते."

"आणि काडेपेटी?"

"तुमच्या अंगणात कचरा टाकलेला चालत नाही ना."

मोठ्या बाईंच्या तोंडावर हसू आलं की काय ते मला सांगता येणार नाही. त्यांनी चष्मा खाली घेतला. पण टेकडीवरची चार नंबरची कशी टिकली, हे त्यांना अजून समजत नव्हतं. गोगलगायीला बोलावलं. ती आधी घाबरली, मग तिनं कबूल केलं की तिला उताराची भीती वाटते आणि ती रोज सायकल हातात धरून पायी उतरते. म्हणून तिला परतायला उशीर होतो. हे सांगताना तिला माझ्याहून जास्त लाज वाटत होती.

माफी कुणी कुणाची मागितली नाही. त्या काळी वरिष्ठ माणसं माफी मागत नसत, सूचना लावत. दुपारी शेडमध्ये सूचना लागली की रिमा फक्त ओल्या फडक्यानं पुसाव्यात, दर शनिवारी रबरं सोडवून त्यांतले कण काढावेत, रबराचा तोंडाकडचा भाग पॉलिश पेपरवर एकदा फिरवावा. पुडीचा डबा ट्रेच्या खोलीत परत गेला. माझी नेमणूक एका वर्षानं पुढं गेली. धाकटीला मी भेटायला गेले, सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, अहो, डाव्या हातानं माझं अक्षर जास्त चांगलं येतंय, बाईंना सांगू नका नाहीतर उजवा बांधूनच ठेवतील. पुढच्या तीन वर्षांत आमच्या सहा सायकलींची मिळून एकच रिम बदलावी लागली.

सूचना लागल्यावर भावोजींनी आम्हा सगळ्यांना ते काम करून दाखवलं. दाखवताना टोच्या माझ्या हातात दिला, "मेव्हणीबाईंचा हात हलका आहे," म्हणाले, आणि मला करायला लावलं. काळ्या रबरातून चांदीचा एक कण निघाला आणि माझ्या नखावर येऊन बसला. त्यांनी काडेपेटी पुढं धरली. त्या प्रकरणाबद्दल त्याच्या पलीकडं ते मला कधी एक अक्षर बोलले नाहीत, त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत. त्यांनी काही बोलावं म्हणून मी कितीदा वाट बघितली असेल.

सूचना लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, नेहमीसारखी मी ताईकडे गेले. चहा होता, छापखाना बंद होता, ताईनं साखरसुद्धा बरोबर घातली. धाकटीचं विचारलं, माझ्या नेमणुकीचं विचारलं, एका वर्षानं काय बिघडतंय म्हणाली. मला वाटलं, झालं, मिटलं.

त्याच्या पुढच्या बुधवारी काही द्यायचं होतं म्हणून मी दुपारी गेले. घरी कुणी नव्हतं. मी कुंडी तिरपी केली. खाली ओल्या मातीत किल्लीचा ठसा होता, किल्ली नव्हती. मी कुंडी नीट होती तशी ठेवली आणि जिना उतरून खाली आले. भावोजी दुकानात चाक बांधत बसले होते. त्यांनी मला पाहिलं, वर दाराकडे पाहिलं, आणि बसायला स्टूल पुढं सरकवलं. मी ताई येईपर्यंत तिथंच बसले.

पुढं तीस वर्षं मी त्या घरी जात राहिले. किल्ली नंतर कधीतरी कुंडीखाली परत आली असेल का, मला माहीत नाही. ताईला मी विचारलं नाही आणि कुंडी पुन्हा कधी उचलली नाही. मी दार वाजवायची आणि आतून कुणीतरी येईपर्यंत उभी राहायची.